लग्नातून काय मिळतं, घटस्फोटाला काय लागतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा-बायकोच्या भांडणात मधली खुर्ची टाकून बसायचं, हे माझं गेल्या अनेक वर्षांचं काम. येणारी माणसं वेगळी असतात, प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. कुणी लग्न करावं की नाही म्हणून विचारतं, कुणी मोडावं की नाही म्हणून. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मी लग्नाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तुमच्या घरात मारहाण असेल, भीती असेल, तर बाकीचं वाचत बसू नका. तो प्रश्न खाली वेगळा घेतला आहे, थेट तिथे जा.

लग्न झालेली माणसं जास्त जगतात म्हणतात. खरं आहे का?

सरासरीने पाहिलं तर हो. हे निरीक्षण जुनं आहे. १८५८ साली विल्यम फार या इंग्रज आकडेतज्ज्ञाने फ्रान्समधल्या मृत्यूंच्या नोंदी घेतल्या आणि लोकांचे तीन गट पाडले: विवाहित, अविवाहित आणि जोडीदार गमावलेले. विवाहितांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. पुढे अनेक देशांत अशीच मोजणी झाली आणि चित्र साधारण तेच राहिलं.

यात एक मेख आहे. धडधाकट, कमावत्या, स्थिर स्वभावाच्या माणसाचं लग्न जमण्याची शक्यता मुळातच जास्त. तेव्हा लग्नामुळे तब्येत चांगली राहिली की चांगल्या तब्येतीमुळे लग्न झालं, हा गुंता पुरता सुटत नाही. वय, शिक्षण, उत्पन्न, आधीची दुखणी यांचा हिशेब वजा करून पाहिला की फरक कमी होतो, पण बराचसा उरतोच. तो कुठून येतो हे मला रोजच्या कामात दिसतं. रात्री छातीत दुखलं तर शेजारी झोपलेलं माणूस उठून दिवा लावतं. ‘गॅस असेल’ म्हणून कूस बदलणाऱ्याला डॉक्टरकडे ओढून नेतं. ‘गोळी घेतली का?’ असं रोज विचारणारं कुणीतरी घरात असतं. त्या प्रश्नाचा कितीही वैताग आला तरी गोळी पोटात जाते.

म्हणजे लग्न कसंही असलं तरी चालेल?

नाही. लग्न नुसतं कागदावर असून शरीराला काही मिळत नाही.

अमेरिकेत जेम्स कोन यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो अशी सूचना मधूनमधून दाखवली. कधी त्यांचा हात नवऱ्याने धरला होता, कधी अनोळखी माणसाने, कधी कुणीच नाही. नवऱ्याने हात धरला की मेंदूतली धोक्याची खळबळ सर्वांत जास्त शमायची. आणि ज्यांचं लग्न अधिक सुखाचं होतं, त्यांची आणखी शमायची.

दुसरा प्रयोग ओहायोतला, जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांचा, २००५ सालचा. ४२ जोडप्यांच्या हातावर छोटे फोड मुद्दाम उठवून ते भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. एका खेपेला जोडप्याने एकमेकांना धीर देणारं बोलायचं, दुसऱ्या खेपेला वादाचा विषय काढायचा. वादानंतर जखमा हळू भरल्या. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात सतत विखार होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या मानाने ६० टक्केच होता. शब्दाने जखम होते असं आपण म्हणतोच. झालेली जखम शब्दाने भरायची थांबते, हे या प्रयोगात कातडीवर मोजता आलं.

लग्नाने माणूस सुखी होतो का?

लग्नाच्या आसपास होतो. मग बराचसा मूळ पदावर येतो. जर्मनीत २४ हजारांहून अधिक लोकांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारून जमवलेली माहिती रिचर्ड लुकास यांनी तपासली. लग्नाच्या सुमाराला समाधान वाढतं आणि काही वर्षांत सरासरी पूर्वीच्या पातळीवर उतरतं, असं त्यातून दिसलं. काहींचं मात्र चढलेलं टिकतं, तर काहींचं पूर्वीपेक्षाही खाली जातं. सरासरीच्या पोटात हे दोन्ही दडलेले असतात.

म्हणून लग्नाळू मुलामुलींना मी सांगते, की एकटं असताना जे मन खात होतं ते लग्नानंतरही खाणार. फक्त ते ऐकायला एक माणूस घरात असेल. माझ्या लेखी तेही थोडं नाही.

पैशाच्या बाजूने लग्न फायद्याचं की तोट्याचं?

फायद्याचं. दोघांना दोन घरभाडी लागत नाहीत, दोन फ्रिज लागत नाहीत. एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याच्या पगारावर चार महिने निघतात. एकाला शिकायचं असेल तर दुसरा घर ओढतो. शिवाय दोघांचा भविष्यकाळ एक असला की माणूस लांबचा विचार करतो आणि पैसा मागे टाकतो.

जे झगोर्स्की यांनी २००५ साली अमेरिकेतल्या ९,०५५ जणांच्या १५ वर्षांच्या मालमत्तेचा हिशेब मांडला. एकट्या राहिलेल्या माणसाच्या तुलनेत लग्न टिकलेल्याची मालमत्ता जवळजवळ दुप्पट निघाली, तर घटस्फोटिताची सुमारे तीन चतुर्थांशाने कमी. त्यातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मालमत्तेची घसरण घटस्फोटाच्या सुमारे चार वर्षं आधीच सुरू झालेली होती. कोर्टाचा कागद हातात पडण्याच्या कितीतरी आधी दोघांचे खिसे वेगळे झालेले असतात.

घटस्फोटाचा खर्च म्हणजे वकिलाची फी ना?

फी हा त्यातला दिसणारा भाग. खरा खर्च पुढे महिनोन्‌महिने चालतो, कारण एका चुलीच्या दोन चुली होतात आणि मिळकत मात्र तेवढीच असते. दोन घरभाडी, दोन डिपॉझिटं, दोन वीजबिलं. मुलांची गादी, टेबल, चार्जर, रात्रीचे कपडे सगळं दोन्हीकडे लागतं. मी समोरच्याला कोरा कागद देते आणि म्हणते, वेगळं झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा खर्च लिहा. बहुतेक जण भाडं आणि किराणा लिहून थांबतात. मग मी विचारते, मूल तापाने फणफणलं तर रजा कोण काढणार? ती रजा बिनपगारी असेल तर? कागद भरायला तिथून सुरुवात होते.

दोन गोष्टी माणसं हमखास विसरतात. पहिली म्हणजे दोघांच्या नावावरचं कर्ज. ते कुणी फेडायचं हे तुम्ही आपसात ठरवलंत, कोर्टानेही लिहून दिलं, तरी बँकेच्या दृष्टीने सही करणारे दोघेही देणेकरीच राहतात. एकाने हप्ता चुकवला की दुसऱ्याच्या दारात तगादा. कर्ज एकाच्या नावावर रीतसर करून घेतल्याशिवाय त्यातून सुटका होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वारसनोंद. विमा, बँक, निवृत्तीचा फंड यांच्या कागदांवर जुन्या जोडीदाराचं नाव तसंच राहतं आणि ते लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि जिवाला जो घोर लागतो, त्याचं काय? थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ साली ताणाचं एक माप तयार केलं, ४३ प्रसंगांचं. जोडीदाराच्या मृत्यूला त्यात १०० गुण आहेत. दुसऱ्या क्रमांकावर घटस्फोट, ७३. तुरुंगवास त्याच्याही खाली, ६३.

घटस्फोटानंतर बाईचं जास्त नुकसान होतं की पुरुषाचं?

पैशात बहुधा बाईचं. मूल सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेली किंवा मागे ठेवलेली असते आणि ती वर्षं कुणी परत देत नाही. पण इथे आकड्यांशी जपून. १९८५ साली लेनोर वाइट्झमन यांनी कॅलिफोर्नियातल्या अभ्यासातून मांडलं, की घटस्फोटानंतर बाईचं राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरतं आणि पुरुषाचं ४२ टक्क्यांनी वाढतं. हा आकडा जगभर फिरला. १९९६ मध्ये रिचर्ड पीटरसन यांनी तीच मूळ माहिती पुन्हा तपासली, तेव्हा घसरण २७ टक्के आणि वाढ १० टक्के निघाली. अन्याय खराच होता, पण फुगवलेला आकडा वाचून कितीतरी जणी धास्तावून नको त्या घरात राहिल्या असतील, असं मला राहून राहून वाटतं.

पुरुषाचं नुकसान वेगळ्या जागी होतं. पुष्कळ पुरुषांचे नातेवाइकांशी, मित्रांशी, अगदी स्वतःच्या मुलांशी असलेले संबंध बायकोच्या हातून चालत असतात. वाढदिवस तिच्या लक्षात असतात, फोन ती लावून देते. ती गेली की फोन वाजायचा थांबतो. एक गृहस्थ मला म्हणाले होते, ‘घरात शांतता हवी म्हणून भांडत होतो. आता टीव्ही लावूनच झोपतो.’

आजकाल निम्मी लग्नं मोडतात, हे खरं का?

हा आकडा बहुतेक वेळा चुकीच्या भागाकारातून येतो. एका वर्षात १०० लग्नं आणि ५० घटस्फोट झाले की ‘निम्मी मोडली’ असं जाहीर होतं. पण मोडलेली ती ५० लग्नं त्या वर्षातली नसतात. कुणाचं तीन वर्षांपूर्वीचं, कुणाचं तीस. समजा, पुढच्या वर्षी लोकांनी लग्नं कमी केली, तर एकही जास्त घटस्फोट न होता तो आकडा वर जाईल. अमेरिकेत घटस्फोटांचं प्रमाण १९८०च्या सुमाराला शिगेला होतं, वर्षाला दर हजार लोकांमागे पाचाहून थोडं जास्त. गेल्या काही वर्षांत ते त्याच्या निम्म्यावर आलं आहे. ‘सगळ्यांचंच मोडतंय’ म्हणून आपलंही मोडणारच, हा हिशेब कुणी करू नये.

मुलांसाठी म्हणून एकत्र राहावं का?

मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा. आणि उत्तर घराघरात बदलतं.

आधी भीती थोडी कमी करते. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अमेरिकेत घटस्फोट झालेल्या आणि न झालेल्या घरांतल्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. घटस्फोट झालेल्या घरांतल्या सुमारे २५ टक्के मुलांना वागणुकीच्या किंवा मनाच्या गंभीर अडचणी आल्या. न मोडलेल्या घरांत हे प्रमाण १० टक्के होतं. याचा अर्थ, चारपैकी तीन मुलं सावरली. आणि याचाच दुसरा अर्थ, धोका दुपटीहून जास्त झाला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. लोक आपल्याला सोयीचं तेवढं उचलतात.

पण मला खरी वाट दाखवली ती पॉल अमाटो आणि सहकाऱ्यांच्या १९९५ सालच्या कामाने. त्यांनी आईवडिलांमधला कलह किती होता हे घटस्फोटाच्या आधीच विचारून ठेवलं होतं आणि मुलं मोठी झाल्यावर त्यांची गाठ घेतली. ज्या घरांत कडाक्याची भांडणं होती, तिथे घटस्फोट झालेल्यांची मुलं पुढे अधिक बरी निघाली. ती रणांगणातून बाहेर पडली. ज्या घरांत फारसा कलह नव्हता आणि तरीही घटस्फोट झाला, तिथली मुलं जास्त कोलमडली. कारण त्यांना काही दिसलंच नव्हतं. रात्री सगळे एकत्र जेवले, सकाळी बाबा बॅग भरत होते. घर असंही मोडतं, मग कशावर विश्वास ठेवायचा?

तेव्हा ‘मुलांसाठी’ हा शब्द काढण्याआधी मुलांना काय ऐकू येतं ते पाहा. तुमचा आवाज चढला की मूल टीव्हीचा आवाज वाढवतं का? धाकट्याला घेऊन थोरला दुसऱ्या खोलीत जातो का? तुमच्या किल्लीचा आवाज दारात आला की घर गप्प होतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील, तर तुम्ही मुलांसाठी एकत्र राहत नाही. उत्तरं ‘नाही’ असतील आणि तुम्ही फक्त एकमेकांना कंटाळला असाल, तर माझी कळकळीची विनंती आहे, थोडं थांबा. त्याबद्दल पुढे लिहिते आहे.

मारहाण होते. तरी संसार टिकवायचा का?

नाही. आधी सुरक्षित जागी जा. मुलांना घेऊन, ओळखपत्रं, बँकेचे कागद आणि औषधं बरोबर ठेवून. निघण्याचा विचार घरात बोलून दाखवू नका, कारण सोडून जाण्याच्या सुमारालाच जिवाला धोका सर्वांत जास्त असतो. कुणातरी एका विश्वासाच्या माणसाला सगळं सांगून ठेवा आणि पोलीस किंवा महिला मदतवाहिनीचा नंबर पाठ करून ठेवा.

लग्नाच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी एक गोष्ट विसरता कामा नये. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये १९७०नंतर एकाच जोडीदाराच्या मागणीवर घटस्फोट मिळू लागला. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी २००६ साली त्या बदलाचे परिणाम मोजले. कायदा बदललेल्या राज्यांत विवाहित स्त्रियांवरच्या घरगुती हिंसाचारात सुमारे ३० टक्के घट झाली आणि स्त्रियांच्या आत्महत्याही कमी झाल्या. दार उघडं आहे एवढं कळलं तरी घरातल्यांचे हात आवरले गेले. घटस्फोटाची किंमत मी कितीही मोठी सांगितली तरी ते दार कधी बंद होऊ नये.

फक्त तोंडी अपमान, पैशाची कोंडी, पाळत, माणसांपासून तोडणं हेही याच प्रश्नात येतं. ‘हात तर उचलत नाही ना’ असं म्हणून ते खपवून घेऊ नका.

भांडण नाही, मारहाण नाही, पण प्रेमही उरलेलं नाही. मग राहायचं कशाला?

माझ्यासमोर येणाऱ्यांत अशी माणसं पुष्कळ असतात, आणि घाईने मोडलेल्या संसारांत असे थंड संसारच मला जास्त हळहळ लावून जातात.

लिंडा वेट आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेत ‘लग्नात सुखी नाही’ असं सांगितलेल्या ६४५ जणांचं पुढे काय झालं ते पाहिलं. घटस्फोट घेतलेले सरासरीने अधिक सुखी झालेले नव्हते. आणि जे राहिले, त्यांतले दोन तृतीयांश पाच वर्षांनी लग्नात सुखी असल्याचं सांगत होते. यावर आक्षेपही आहेत. ज्यांच्यात थोडी धुगधुगी होती तेच राहिले असतील, हा त्यातला एक, आणि तो मला रास्त वाटतो. तरीही एवढं नक्की, की आज जे कायमचं वाटतं ते पुष्कळदा कायमचं नसतं. लहान मूल, आजारी आईवडील, गेलेली नोकरी, असा काळ सरला की माणसं पुन्हा एकमेकांकडे बघतात.

सरण्याची वाट बघत नुसतं बसायचं का? तेही नाही. जॉन गॉटमन यांनी सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात १९८६ साली एक प्रयोगशाळा काढली. दिसायला ती साधी राहायची खोली. जोडप्यांनी तिथे दिवस घालवायचा आणि संशोधकांनी टिपायचं. त्यांनी पाहिलेल्या गोष्टी अगदी किरकोळ होत्या. एकजण खिडकीतून बघत म्हणतो, ‘अरे, केवढा मोठा पक्षी!’ दुसरा मान वर करतो की नाही? सहा वर्षांनी ज्यांची लग्नं टिकली होती, त्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ दिलेली होती. ज्यांची मोडली, त्यांनी ३३ वेळा.

म्हणून थंड पडलेल्या जोडप्यांना मी पहिल्या भेटीत मोठं काहीच सांगत नाही. आठ दिवस, जोडीदार बोलायला लागला की फोन पालथा ठेवा आणि मान वर करा. बस. एका जोडप्यातली बाई दुसऱ्या भेटीला आली आणि म्हणाली, ‘यांच्या भुवईजवळ तीळ आहे, मी विसरलेच होते.’ बारा वर्षांचा संसार होता तो.

आमचं भांडण दर वेळी त्याच विषयावर होतं. म्हणजे आमचं जमणारच नाही?

तुमचंच नाही, सगळ्यांचंच तसं असतं. गॉटमन यांच्या मोजणीत जोडप्यांचे ६९ टक्के वाद कधीच न सुटणारे निघाले. एकाला काटकसर, दुसऱ्याला हौस. एकाला माणसं लागतात, दुसऱ्याला एकांत. सुखी जोडप्यांचेही हे वाद सुटत नाहीत, ती ते वागवत राहतात. वाद किती वेळा होतो यापेक्षा तो कसा होतो ते बघा. ‘कचरा राहिला’ ही तक्रार झाली. ‘तुला कधीच काही जमत नाही’ ही माणसावरची टीका. त्यावर डोळे फिरवून ‘हं’ केलंत की झाला तिरस्कार, आणि संसाराला सर्वांत लवकर लागणारी कीड तीच.

जोडीदार समुपदेशनाला यायला तयार नाही. एकट्याने येऊन उपयोग आहे का?

आहे. टाळी एका हाताने वाजत नाही, तसं भांडणही एका तोंडाने होत नाही. एकाने आपलं नेहमीचं उत्तर बदललं की दुसऱ्यालाही आपलं वाक्य बदलावं लागतं. फक्त ‘तिला काय चुकतंय ते सांगा’ अशी यादी घेऊन येऊ नका.

साठीला आल्यावर घटस्फोट घ्यावा का?

तो आता दुर्मीळ राहिलेला नाही. अमेरिकेत ५० वर्षांपुढच्यांमधलं घटस्फोटाचं प्रमाण १९९० ते २०१० या काळात दुप्पट झालं. या वयात मुलांच्या ताब्याचा प्रश्न नसतो, पण गेलेले पैसे पुन्हा कमवायला वर्षंही हातात नसतात. दोन निवृत्तिवेतनांवर चाललेलं घर एकावर चालेल का, आणि आजारपणात रात्री जवळ कोण असेल, एवढं कागदावर लिहून मग ठरवा.

दुसरं लग्न जास्त टिकतं ना? अनुभव आलेला असतो.

अमेरिकेत तरी पहिल्यापेक्षा दुसरी लग्नं जास्त मोडतात. सावत्र मुलं, दोन घरांचा खर्च आणि पहिल्या घरातून आणलेल्या सवयी ही त्याची मोठी कारणं. पहिलं का मोडलं यातला आपला वाटा एका कागदावर लिहिता येत नसेल, तर अजून थांबा.

आमचं ठरलं आहे. मुलांना कसं सांगायचं?

दोघांनी एकत्र बसून सांगायचं. आधी आपसात वाक्यं ठरवून घ्या आणि कुणाचा दोष हे त्यात येऊ देऊ नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी सांगा, म्हणजे दिवसभर तुम्ही दोघंही त्यांच्या समोर असाल. झोपायच्या आधी किंवा शाळेच्या दारात नको. ‘तुझ्यामुळे झालेलं नाही’ हे त्यांनी विचारलं नाही तरी म्हणा, आणि पुढच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा म्हणा. लहान मुलांना मनातून वाटत असतं, की आपण खेळणी आवरली नाहीत म्हणून हे झालं.

मुलांना निरोप्या करू नका. ‘बाबांना सांग पैसे पाठवायला’ हे वाक्य सात वर्षांच्या मुलाच्या खांद्याला पेलत नाही.

आणि त्यांचे प्रश्न तुम्हाला वाटतात तसे नसतील. ‘तुमचं प्रेम का संपलं’ असं मुलं फार क्वचित विचारतात. ‘मी शनिवारी कुठे झोपायचं? माझी सायकल कुठे राहणार? चित्रकलेची वही तिकडे राहिली तर?’ असं विचारतात. त्याची तयार उत्तरं ठेवा. महिन्याचं एक मोठं कॅलेंडर घ्या, आईकडचे दिवस एका रंगाने, बाबांकडचे दुसऱ्या रंगाने मुलालाच रंगवू द्या आणि त्याची एकेक प्रत दोन्ही घरांत, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा.